चवीला खारट

१९ जुलै २०२५

प्रिय दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस. म्हणून हे पत्र. लिफाफ्यावर माझं अक्षर पाहून फाडून टाकणार असशील तर आधी मधुवहिनीकडे दे. ती तरी वाचेल.

मुद्द्याचं आधी सांगते. अप्पांचा व्हिसा चोवीस सप्टेंबरला संपतो. व्हिजिटर व्हिसा वाढवून मिळत नाही. आई गेल्यापासून कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे होते आणि मार्चमध्ये इथे आले तेव्हा गुडघे इतके खराब होते की हीथ्रोवर व्हीलचेअर मागवावी लागली. पुन्हा त्यांना एकटं ठेवता येणार नाही. तू पनवेलला तुझ्याकडे घेशील का? एवढाच प्रश्न आहे. बाकीचं पत्र मला राग आलाय म्हणून लिहिते आहे.

मिल्टन कीन्स सोडून मी केंटच्या या टोकाला का आले, हे तुला कधी सांगितलंच नाही. ऑफिसचं काम घरूनच चालतं, आणि इथलं लाकडी बैठं घर मला झेपण्यासारखं होतं. लोक या जागेला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. हवामानखात्याच्या हिशेबात ते बसत नाही म्हणे, पण राहून पाहिलं की वाद घालावासा वाटत नाही. माती नाही, झाड नाही, पाऊस बेताचा, वारा मात्र बारा महिने. दारापासून रस्त्यापर्यंत नुसते गोटे, लिंबाएवढे, बटाट्याएवढे. अप्पांची काठी त्यांत रुतते. चार महिने ते दारातल्या खुर्चीवर बसून आहेत. रस्ता समोर दिसतो, पण तिथे जाता येत नाही.

म्हणून दारापासून रस्त्यापर्यंत काँक्रीटची पायवाट करायचं ठरवलं. अॅशफर्डहून दोन जण येऊन पाहून गेले. एकाची व्हॅन गोट्यांत रुतली, ती काढायला दुसरी बोलवावी लागली. शेजारची सारा म्हणाली, "इथलाच माणूस घे. बाहेरचा माणूस इथे कामाआधी स्वतःलाच पुरून घेतो." तिने ग्लेनचं नाव दिलं. साठीचा आहे, बापही गवंडीच. इथल्या निम्म्या घरांचे चौथरे त्या दोघांनी घातले आहेत. बोलायला मोकळा. पहिल्याच दिवशी अप्पांना "मॉर्निंग, गव्हनर!" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत साहेब, आणि अप्पा खूश झाले.

काल साचा ठोकून, जाळी अंथरून झाली. आज सकाळी मिक्सर लागला. मी आतून चहाचे मग घेऊन येते तर अप्पा खुर्ची सोडून, कठडा धरून, वाळूच्या ढिगापर्यंत पोचलेले. मूठभर वाळू घेतली, तळहातावर चोळली आणि चिमूटभर तोंडात टाकली. ग्लेनसमोर, सारासमोर, तिच्या कुत्र्यासमोर. चघळली, थुंकली आणि मोठ्यांदा म्हणाले, "सॉल्टी. स्टॉप द वर्क."

पुढचं ऐक. खिशातून वही काढली. तुला ती वही माहीत आहे. पीडब्ल्यूडीत होते तेव्हाची साइट ऑर्डर बुक, तशीच एक कार्बनवाली वही त्यांनी कोल्हापुरात विकत घेतली आणि बॅगेत घालून इथवर आणली. उभ्याउभ्या इंग्रजीत लिहिलं: वाळू चवीला खारट, काम थांबवावे. सही, तारीख. मूळ प्रत फाडून ग्लेनच्या हातात दिली आणि कार्बनप्रतीवर पोच म्हणून त्याची सही मागितली! ग्लेन माझ्याकडे पाहायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ग्लेनला काहीतरी सांगून वेळ मारून नेली, अप्पांना दंडाला धरून आत आणलं, आणि काम पुढे चालू झालं.

अकरा वर्षांपूर्वी तू इमारत बांधत होतास त्या साइटवर त्यांनी हेच केलं होतं ना? फ्लॅट बघायला आलेल्या लोकांपुढे वाळू तोंडात घालून थुंकले होते. तू तेव्हा म्हणालास, अप्पांचं डोकं ठिकाणावर नाही. मी त्यांच्या बाजूने बोलले नव्हते, पण तुझं वाक्य मला लागलं होतं. आज वाटतं, तुझंच बरोबर असावं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहिते आहे.

त्यांना सांभाळून घे, दादा. भांडण आता पुरे.

सुचेता


३ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालते.

पायवाट झाली. म्हणजे ग्लेनने ओतली, वरून प्लॅस्टिक अंथरलं, "दोन दिवस पाय ठेवू नका" म्हणाला आणि दुसऱ्या कामावर गेला. संध्याकाळपर्यंत वाऱ्याने प्लॅस्टिक साराच्या कुंपणाला नेऊन चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माझे अंघोळीचे सगळे टॉवेल, पायपुसण्यांसकट, पायवाटेवर पसरलेले आणि अप्पा दाराच्या उंबऱ्यावर बसून टमरेलाने त्यांवर पाणी ओततायत. जिथवर हात पोचतो तिथवर. पुढचं मला करायला लावलं.

"अहो अप्पा, हे काय?"

"पोती कुठे मिळतात तुझ्या या देशात? टॉवेल चालतात."

"इथे कोणी पाणी मारत नाही."

"इथे वारा नाही?"

त्यात नळाला पाइप लावून पाणी मारायला सध्या बंदी. पाऊस नाही म्हणून पाणी कंपनीचं पत्र आलंय. तेव्हा बादल्या. सात दिवस, दिवसातून चार वेळा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी "एक मिनिट" म्हणून उठायचे. मला वाटलं होतं, काम थांबवलं नाही म्हणून ते रुसतील. रुसले नाहीत, उलट वेळ झाली की बादली मागायचे. चौथ्या दिवशी मीच विचारलं, "तुमच्या मते वाळू खारट आहे, काम वाईट आहे. मग पाणी कशाला मारताय?"

"वाईट झालं तरी आता झालंय ना. आपल्या दारात आहे. सात दिवस मारायचं."

सात दिवस झाले, टॉवेल काढले, काँक्रीट वाळलं. गेल्या मंगळवारी सकाळी पाहिलं तर पायवाटेवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. कडेला जास्त. बोट फिरवलं, बोटाला पीठ लागलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चाटलं. हो, चाटलं. मीठ!

लोणा, दादा. खारट वाळूने आतलं लोखंड गंजतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

ग्लेनला फोन केला. आला. मला वाटलं नाकारेल, भांडेल. त्याने नाकारलंसुद्धा नाही! म्हणाला, "हो, वाळू आणि खडी खालच्या किनाऱ्यावरची आहे. इथे साठ वर्षं सगळे तेच वापरतात, लव्ह. माझ्या बापाने अर्धी वस्ती त्यावर उभी केली." ("लव्ह" इथे कोणालाही म्हणतात.)

"मला तू धुतलेली वाळू आणतो म्हणाला होतास."

"पावसाने धुतलेलीच असते."

"पाऊस? इथे?"

हसला. वर मलाच समजावलं की ही पायवाट आहे, पूल नव्हे. किनाऱ्यावरचा एक गोटासुद्धा उचलायला बंदी आहे, तसा बोर्ड त्याच्या घराच्या वळणावर आहे. रोज त्या बोर्डासमोरून तो माझ्याच पायवाटेसाठी भरलेला ट्रेलर ओढत होता. मला संताप एवढा आला की मराठीत बोलायला लागले. त्याची फसवणूक एक वेळ सोसते. पण त्याला त्यात काही वाटतच नव्हतं, ते सोसवत नाही. चुकीच्या गोष्टीला साठ वर्षं झाली की तिचा रिवाज होतो आणि मग विचारणारा वेडा ठरतो.

हे वाक्य लिहून थांबले. वेडा कोणी ठरवला? ग्लेनने नाही. मागच्या पत्रात अप्पांच्या डोक्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. जिभेसकट.

आता एक विचारते. तुझ्या त्या वेळच्या भांडणाबद्दल मी माझी जुनी डायरी काढून वाचली. तीन पानं भरून लिहिलं आहे. तुझा अपमान, वहिनीचं रडणं, आईची मध्यस्थी, मी अप्पांना फोन करून "दादाची माफी मागा" म्हणाले ते. वाळूबद्दल एक ओळ नाही. मी कोणालाच विचारलं नव्हतं. ना तुला, ना त्यांना.

ती वाळू कुठली होती, दादा?

आणि चोवीस सप्टेंबरचं काय?

सुचेता


२१ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझा ईमेल मिळाला. अकरा वर्षांत तू मला लिहिलेली सर्वांत मोठी गोष्ट. चार वेळा वाचला. दोनदा चुकून वाटलं की मी भलत्याचाच वाचते आहे.

तू काय लिहिलंस ते तुलाच परत लिहून दाखवते, म्हणजे मी विपर्यास केला असं नको. तू तेव्हा बांधलेल्या कस्तुरी रेसिडेन्सीच्या सोळा फ्लॅटवाल्यांनी तक्रार केली आहे, खालच्या मजल्याच्या खांबांना भेगा गेल्या आहेत, सळ्या फुगल्या आहेत. अप्पांनी त्या दिवशी लिहिलेल्या साइट ऑर्डरची मूळ प्रत तू फाडलीस, पण वहीतली कार्बनप्रत अप्पांनी तेव्हा फ्लॅट बघायला आलेल्या सतीश चौबळांना दिली होती. तेच आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि त्यांनी ती जपून ठेवली आहे. म्हणून तुला अप्पांकडून लिहून हवंय की त्या दिवशी त्यांची मनःस्थिती ठीक नव्हती. मसुदा जोडलास. सही झाली की "अप्पांना आनंदाने घेऊन ये, तळमजल्याची खोली तयार आहे."

आणि शेवटी हे: "तुझं १९ जुलैचं पत्र फार उपयोगी आहे. वकिलांना दाखवलं. सख्ख्या मुलीने लिहिलेलं असल्याने त्याला वजन आहे."

तीन ऑगस्टचं पत्र मिळालं नाही का तुला? की त्याला वजन नाही?

इमारतीला स्वतःच्या मुलीचं नाव दिलंस, दादा! सोळा घरांत माणसं झोपतात. तुला खांबांच्या भेगा बुजवायच्या नाहीत, तुला बापाच्या डोक्याला भेग पाडायची आहे. आणि त्यासाठी लागणारी छिन्नी मी तुला तिकीट लावून पाठवली.

मी तुझ्यावर रागावले आहे तेवढीच माझ्यावरही, म्हणून आता ते लिहिते जे दोन्ही पत्रांतून गाळलं. पहिल्या पत्रात लिहिलं, "ग्लेनला काहीतरी सांगून वेळ मारून नेली." काय सांगितलं? "माय फादर हॅज डिमेन्शिया." डॉक्टरांनी असं कधी म्हटलेलं नाही. इथे आल्यावर त्यांची तपासणी झाली, गुडघे सोडून सगळं ठीक. मी खोटं बोलले कारण इथे तो एक शब्द उच्चारला की सगळे लगेच प्रेमळ होतात आणि पुढे काही विचारत नाहीत. ग्लेनने टोपी काढली होती. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. चाळीस वर्षं सरकारी इंग्रजी वाचलेला माणूस.

आणि लोणा आल्यावर ग्लेन आणखी एक वाक्य बोलला होता, तेही मी लिहिलं नाही. तो म्हणाला, "म्हातारबुवांना कळलं कसं? म्हणजे, त्यांचं ते तसं असताना?"

तुझा मसुदा मी अप्पांना दाखवला. लपवायचा विचार केला होता, पण मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय. दारातल्या खुर्चीवर बसून त्यांनी तो भिंगाने वाचला. खिशातून पेन काढलं. मला वाटलं, सही करतात की काय.

"तारीख चुकली आहे," म्हणाले. "मी गेलो तो मंगळवार होता. त्याने शनिवारची टाकलीय." आणि तारीख दुरुस्त केली.

"सही?"

"खरं असतं तर केली असती." कागद घडी करून मला दिला. मग तुझ्याबद्दल म्हणाले, "अंबू घाबरलाय. घाबरल्याशिवाय तो असलं इंग्रजी लिहीत नाही."

तेव्हा मी सांगितलं त्यांना. ग्लेनला काय बोलले ते.

"ऐकलं होतं मी. गुडघे गेलेत, कान नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"परक्या माणसापुढे मुलीला खोटं पाडू?"

मला चीड आली, दादा, तुझ्या वतीने. खरंच. म्हटलं, "मग दादाला कसं पाडलंत? गिऱ्हाइकांपुढे?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसे शाळेत माझं सोपं गणित चुकल्यावर बघायचे.

"त्याच्या स्लॅबखाली माणसं झोपणार होती, सुचू. तुझ्या वाटेवर मी एकटाच चालणार."

मी कुकर लावायला आत गेले.

माझं पहिलं पत्र परत पाठव.

सुचेता


२ सप्टेंबर २०२५

श्री. अंबरीश शशिधर मोकाशी यांस,

हे पत्र मी अप्पांच्या वहीत लिहिते आहे, खाली कार्बन घालून. त्यांनी पान काढून दिलं, कार्बनची काळी बाजू खाली असते हेही दाखवलं. काय लिहिणार ते विचारलं नाही.

मी, सुचेता शशिधर मोकाशी, लिहून देते की १९ जुलै २०२५ च्या पत्रात वडिलांच्या मनःस्थितीबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं. मला लाज वाटली म्हणून लिहिलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या दारातली वाळू चाखून खारट ठरवली, ती खारट होती. माल देणाऱ्याने स्वतः कबूल केलं. पायवाटेवर फुटलेल्या मिठाचे फोटो आणि डॉक्टरांच्या तपासणीचा कागद सोबत जोडले आहेत. कस्तुरी रेसिडेन्सीच्या वाळूबद्दल मला स्वतःला काही माहिती नाही, म्हणून त्याबद्दल काही म्हणत नाही. खांब तपासून घेतले की ते आपोआप कळेल.

एवढं कामाचं. आता तुला.

दादा, सोळा घरांचं ओझं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे हे मला कळतं. कळतं म्हणून ते अप्पांच्या डोक्यावर ठेवू देणार नाही.

आम्ही एकवीसला निघतो. पनवेलला येत नाही. तुझ्या अटीवर मिळणारी खोली त्यांना नको आहे, त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये कठडा कुठे बसवायचा त्याचं रेखाटन केलंय. मी तीन महिने तिकडूनच काम करणार आहे. ऑफिसने हो म्हटलंय, कुरकुरत. त्यानंतरचं मला माहीत नाही. सारा या घराकडे बघेल.

परवा ग्लेन आला होता. दारातली पायरी घालायची राहिली होती. ट्रेलरमध्ये वाळूच्या नव्या गोण्या होत्या, दुकानाचा छाप असलेल्या. मी त्याला सांगून टाकलं होतं की वडिलांना डिमेन्शिया नाही, मी खोटं बोलले. तेव्हा तो नुसता "राइट" म्हणाला होता. परवा त्याने गोणी फोडली, मूठभर वाळू अप्पांपुढे धरली आणि म्हणाला, "गो ऑन देन, गव्हनर." लाज वाटली म्हणून, की मी कौन्सिलकडे जाईन या भीतीने, मला ठरवता येत नाही. अप्पांनी चिमूटभर तोंडात टाकली. ग्लेन श्वास धरून उभा. अप्पांनी चघळली, थुंकली, वही काढली आणि लिहिलं: वाळू तपासली, ठीक, काम सुरू करावे. ग्लेनने कार्बनप्रतीवर सही केली.

काल अप्पा नव्या पायवाटेवरून काठी टेकत रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. मी विचारलं, किती टिकेल ही? म्हणाले, "दहाएक वर्षं. पाणी मारलंय."

या पत्राच्या तीन प्रती आहेत. मूळ तुला. दुसरी श्री. सतीश चौबळ यांना, आजच्याच टपालाने. तिसरी वहीत.

पोच म्हणून सही करून पाठव. नाही पाठवलीस तरी चालेल. अप्पा म्हणतात, कंत्राटदाराने सही केली नाही तरी ऑर्डर लागू होते.

सुचेता